पलीकडच्या मैदानाचे निमंत्रण

नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हेही कधीकधी आठवत नाही. पण दोंडाईचा भागातली ती एक घटना मात्र आजही जशीच्या तशी आठवते. त्यात ना खून होता, ना दरोडा. कुणाच्या हातात बेड्याही पडल्या नाहीत. तरीही माझ्या उभ्या नोकरीत मला इतक्या कुतूहलात कुणी टाकले नाही, जितके त्या एका जवानाने टाकले.

मी तेव्हा त्या भागात पोलीस निरीक्षक होतो. उन्हाळ्याचे दिवस होते. सकाळची हजेरी आटोपली होती, रात्रपाळीचे कर्मचारी घरी निघाले होते आणि मी स्टेशन डायरी बघत बसलो होतो. तेवढ्यात गावातले मिरचीचे एक जुने व्यापारी दाराशी येऊन उभे राहिले. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले होते, पण शेठजी स्वतः इथेच जन्मलेले. गिऱ्हाइकाशी अहिराणीत बोलत, साहेबलोकांशी मराठीत. सणासुदीच्या बंदोबस्ताच्या बैठकीला ते नेहमी येत, म्हणून ओळख होती. त्या दिवशी मात्र खुर्चीवर बसल्यावरही त्यांनी टोपी हातातच धरून ठेवली.

"साहेब, एक विचारू का? तुमचा हवालदार पासपोर्टच्या चौकशीला येतो, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो ना?"

"हो. दोन साक्षीदार लागतात."

"मग उद्या-परवा तो माझ्याकडे येईल. आणि मला सांगायचंय की अमका मुलगा माझ्या दुकानात कामाला आहे."

"आहे का?"

"नाही. तो फौजेत आहे."

मी डायरी बाजूला ठेवली. शेठजींनी सगळे सांगितले. जवळच्या खेड्यातला हा मुलगा लष्करात लान्स नाईक होता आणि वार्षिक रजेवर आलेला होता. त्याने पासपोर्टसाठी अर्ज केला होता आणि व्यवसाय म्हणून 'खासगी नोकरी' असे लिहिले होते. शेठजींनी फक्त होकार द्यायचा, एवढीच त्याची विनंती होती.

"तुम्ही त्याला काय म्हणालात?"

"मी हो म्हणालो, साहेब. त्याला नाही म्हणता येत नाही मला. त्याचा खेळ तुम्ही बघितला नाही म्हणून. पण दोन दिवस झाले, जेवण जात नाही. फौजेतला माणूस आपण फौजेत आहे हे का लपवेल?"

लष्करात असलेल्या माणसाला पासपोर्ट काढायला बंदी नसते. आपल्या युनिटचे ना-हरकत पत्र घ्यायचे आणि अर्ज करायचा. परदेशी जायचे तर त्याची परवानगी वेगळी घ्यायची. रस्ता सरळ आहे. तो सोडून कुणी आडवाटेने जात असेल, तर त्याला जिथे जायचे आहे तिथली परवानगी मिळणार नाही हे त्याला ठाऊक असते. मी शेठजींना सांगितले, "हवालदार आला तर खरं तेच सांगा. आणि आपलं बोलणं सध्या इथेच राहू द्या."

आमच्या गोपनीय शाखेच्या हवालदाराकडे तो अर्ज चौकशीसाठी आलेलाच होता. मी पोलीस अधीक्षकांना फोनवर कल्पना दिली. त्यांनी सांगितले, आधी माणूस समजून घ्या, घाईने काही करू नका. लष्कराला कळवायचेच आहे, पण काय कळवायचे ते आधी नीट कळू द्या.

दुपारी त्याला ठाण्यात बोलावले. पंचविशी ओलांडलेला, उंच, अंगाने काटक. इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि टेबलासमोर सावधानमध्ये उभा राहिला. मी बसायला सांगितले तेव्हाच बसला. सैनिकाशी मी कधी एकेरीत बोललो नाही, त्याच्याशीही बोललो नाही.

"पासपोर्ट कशासाठी हवाय?"

"दुबईला नातेवाईक आहेत सर. कामधंदा बघायला जायचंय."

"तुम्ही काय करता?"

"मिरचीच्या दुकानात कामाला आहे सर."

इथे एक निरीक्षण सांगतो. खोटे बोलण्याची सवय असलेला माणूस त्याच गोष्टीत दर वेळी थोडी भर घालतो. ज्याला सवय नाही, तो पाठ केलेले वाक्य त्याच शब्दांत पुन्हा पुन्हा म्हणतो. मी तोच प्रश्न तीन प्रकारे विचारला आणि तेच उत्तर अक्षराचाही फरक न होता मिळाले. मग मी म्हणालो, "सर म्हणायची सवय मिरचीच्या दुकानात लागली का?"

त्याने मान खाली घातली. फौजेत असल्याचे कबूल केले. पण जायचे कुठे आणि का, यावर तोंड उघडेना.

अशा वेळी आम्ही पोलीस तीन गोष्टी शोधतो. पैसा, बाई आणि राग. त्याच्यावर कर्ज नव्हते. बँकेचे व्यवहार स्वच्छ होते. लग्न होऊन काही वर्षे झाली होती, एक लहान मुलगी होती, घरात भांडण नव्हते. वरिष्ठांवर राग म्हणावा, तर युनिटबद्दल तो आदराने बोलत होता. आमच्या नेहमीच्या तिन्ही किल्ल्या त्या कुलुपाला लागत नव्हत्या. मला राग यायला हवा होता, पण उलट उत्सुकताच वाढत चालली होती.

बोलता बोलता माझे लक्ष त्याच्या हातांकडे गेले. दोन्ही मनगटांच्या आतल्या बाजूची कातडी जाड, काळवंडलेली. उजव्या हाताची करंगळी वाकडी झालेली.

"हे कशानं?"

"शूटिंगबॉल, सर."

मी मूळचा दुसऱ्या जिल्ह्यातला. हा खेळ खानदेशात आल्यावर नुसता लांबून बघितला होता. मी त्याला म्हणालो, "मला हा खेळ काही समजत नाही. जरा समजावून सांगा."

तासभर मोजकेच बोलणारा तो माणूस मोकळेपणाने बोलू लागला. व्हॉलीबॉलसारखीच जाळी, पण आलेला चेंडू दोन्ही हात जोडून ताकदीने पलीकडे मारायचा. चेंडू मारणारा शूटर कुठे उभा राहतो, समोरच्याच्या खांद्यावरून चेंडूची दिशा कशी ओळखायची, वाऱ्याचा अंदाज कसा घ्यायचा. माझ्या टेबलावरचा पेपरवेट, पेनस्टँड आणि शिक्का मांडून त्याने मैदान तयार केले. डोळ्यांत चमक आली होती. चहा आला, निवला, त्याने हात लावला नाही.

मग तो एकदम थांबला आणि म्हणाला, "सर, आपल्याकडे हा खेळ यात्रेपुरता. चार तालुक्यांच्या बाहेर कुणाला माहीत नाही. युनिटमध्ये मी सांगितलं तर म्हणतात, व्हॉलीबॉलच ना? पण पलीकडे..."

"पलीकडे म्हणजे?"

त्याने त्या शेजारी देशाचे नाव घेतले, हळू आवाजात. मी ते इथे लिहीत नाही, वाचकांना कळले असेलच. "तिथे गावंच्या गावं हा खेळ बघायला येतात, सर. माणसं झाडांवर चढून बसतात. चांगल्या शूटरला खांद्यावर घेऊन फिरवतात. मी व्हिडिओ बघितलेत."

एवढे बोलून झाल्यावर आपण काय बोलून बसलो ते त्याला कळले. तो घामाने भिजला होता. थोड्या वेळाने त्याने आपणहून मोबाईल काढून टेबलावर ठेवला.

हकीकत अशी होती. गेल्या वर्षीच्या रजेत शेठजींच्या मिरची वाळवायच्या मोकळ्या जागेत सामने झाले होते. हंगाम संपला की ते ती जागा मुलांना खेळायला देत. त्या सामन्यांचे व्हिडिओ कुणीतरी इंटरनेटवर टाकले. त्याखाली परदेशातल्या एका माणसाने याच्या खेळाची तोंड भरून स्तुती केली. सगळे त्याला उस्ताद म्हणत. तो स्वतःला स्पर्धांचा संयोजक म्हणवत असे. ओळख वाढली. उस्तादाने सांगितले, आखाती देशात एक सामना आहे, तिकिटाची सोय होईल. तिथून दोन दिवसांसाठी पलीकडे जाता येईल. व्हिसा वेगळ्या कागदावर मिळेल, पासपोर्टवर शिक्का पडणार नाही. एक मोठा सामना खेळायचा आणि परत यायचे. कुणाला कळणारही नाही.

"तुम्ही फौजेत आहात हे त्याला सांगितलं होतं?"

"नाही सर. शपथेवर सांगतो. शेतकरी आहे म्हणून सांगितलं होतं. एवढी अक्कल होती मला."

आम्ही दोन पंच बोलावले, रीतसर पंचनामा केला आणि तो मोबाईल त्याच्याच समोर वाचायला घेतला. संदेश हिंदीत होते. मी मोठ्याने वाचत होतो, तो ऐकत होता. बराचसा मजकूर साधा होता. रजा कधी संपते, परत जाताना रेल्वेने किती प्रवास, तिकडे थंडी किती असते, बर्फात सराव कसा करतोस, मैदान कुठे आहे. प्रत्येक प्रश्न एकेकटा बघितला तर कुणीही कुणालाही विचारेल असा. मग एक संदेश आला, त्यावर मी थांबलो. 'फॉर्मवर सरकारी नोकरी लिहू नकोस, खासगी लिही, नाहीतर तुझे साहेब परवानगी देणार नाहीत.'

मी मोबाईल खाली ठेवला. "तुम्ही त्याला शेतकरी म्हणून सांगितलं होतं ना?"

"हो सर."

"शेतकऱ्याला रजा कशी असते? त्याचे साहेब कोण असतात?"

त्याने वाकून ते वाक्य पुन्हा वाचले. महिनाभरापूर्वी ते त्याने वाचले होते, त्याप्रमाणे अर्जही भरला होता, आणि तरी ते त्याला दिसले नव्हते. मग त्याने मोबाईल मागितला. पंचांसमोर मी तो त्याच्या हाती दिला. तो मागे मागे जात, एकेक संदेश पुन्हा वाचू लागला. मला वाटले, काही पुसायचा प्रयत्न करतोय की काय, म्हणून हवालदार त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. पण तो वेगळेच काही शोधत होता.

"सर," तो शेवटी म्हणाला, "यानं एकदाही स्कोअर विचारला नाही."

"म्हणजे?"

"आम्ही यात्रेतली फायनल जिंकलो, त्या दिवशी मी त्याला कळवलं. तो म्हणाला, शाबास, आता घरी किती दिवस आहेस? खेळणारा माणूस आधी स्कोअर विचारतो सर. शूटर कोण होता विचारतो. करंगळी मोडली ते लिहिलं होतं मी. शूटरची करंगळी मोडली, आणि यानं विचारलंसुद्धा नाही की हात आता कसा आहे." मग तो म्हणाला, "याला खेळातलं काही येत नाही. याला माझा खेळ आवडलेलाच नव्हता."

मी आजवर अनेकांना कोसळताना बघितले आहे. शिक्षेच्या भीतीने, बदनामीच्या भीतीने. हा मनुष्य त्या एका गोष्टीने कोसळला. नोकरी जाईल याचे भान त्याला नंतर आले.

त्याच संध्याकाळी अधीक्षकांमार्फत त्याच्या युनिटला कळवले. सैनिकाच्या बाबतीत आम्ही परस्पर काही करीत नाही. तिथून कुणी येईपर्यंत त्याला ठाण्यातच थांबवून ठेवणे भाग होते. कोठडीत नव्हे, हवालदारांच्या विश्रांतीच्या खोलीत. घरी निरोप गेल्यावर त्याचे वडील आणि बायको आले. वडिलांना गावात सगळे आबा म्हणत. त्यांनी हात जोडले.

"साहेब, मना आंडोरनी कोनं काय वाईट करं?"

आंडोर म्हणजे मुलगा. मी त्यांना खुर्ची दिली आणि मुलाला समोर बोलावून म्हणालो, "तुम्हीच सांगा." त्याने सांगितले, काही न लपवता. आबांना पहिल्यांदा त्यातले गांभीर्य कळलेच नसावे. मॅच खेळायला जाणार होता, एवढेच ऐकू आले असावे. पण सुनेला कळले. तिने पदर सावरला आणि नवऱ्याकडे बघून सरळ आवाजात विचारले,

"तठे तुमले काही व्हई जातं, तर आमले कोन सांगतं?"

ती पुढे म्हणाली, "फौज म्हनती, आमना मानूस तठे जायेलच नही. गाव म्हनतं, गद्दार व्हता. मी पोरले काय सांगतू, तुना बाप कोठे शे?"

कायद्याची कलमे मला पाठ होती. ती मी त्याला ऐकवणारही होतो. पण त्या बाईने चार वाक्यांत जे सांगितले, त्यापुढे कलमांची गरज उरली नाही.

दुसऱ्या दिवशी लष्कराचे एक मेजर आले, सोबत त्यांच्या गुप्तवार्ता विभागाचा एक अधिकारी. मेजर तरुण होते, आवाज चढवत नव्हते. त्यांनी मोबाईलमधले सगळे बघितले, जवानाशी दोन-तीन तास बोलले. मी बाहेर थांबलो होतो. नंतर चहा घेताना मी माझी शंका बोलून दाखवली. "हा तर एक साधा लान्स नाईक. याच्याकडून त्यांना काय मिळणार होतं?"

मेजर म्हणाले, "आत्ता काहीच नाही. पण समजा तो गेला असता. तिथे त्याचा सत्कार झाला असता, फोटो काढले असते. परत आला असता, आनंदात. मग सहा महिन्यांनी एक फोटो त्याच्या मोबाईलवर आला असता, खाली एकच ओळ, की तुझ्या कमांडिंग ऑफिसरला पाठवू का? त्या दिवसापासून तो त्यांचा नोकर. हा प्रकार त्यातल्या त्यात बरा. दुसरा म्हणजे त्यांनी तिथेच पकडून हेर म्हणून उभा केला असता. विनापरवाना गेलेला, ओळख लपवलेला फौजी. त्याच्यासाठी आपण कुठल्या तोंडानं भांडणार?"

"आणि त्याचा हेतू वाईट नव्हता, हे?"

"हेतू सिद्ध करायला आधी माणूस परत यावा लागतो," ते म्हणाले.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. आम्ही पासपोर्ट कार्यालयाला प्रतिकूल अहवाल पाठवला आणि अर्ज नामंजूर झाला. बाकीची कारवाई लष्कराने त्यांच्या कायद्याप्रमाणे करायची असे वरिष्ठ पातळीवर ठरले. युनिटमध्ये चौकशी बसली. त्याच्या बाहीवरची लान्स नाईकची फीत गेली, म्हणजे तो हुद्दाच गेला, आणि त्याला सीमेपासून दूर पाठवले. नोकरी राहिली, कारण त्याने देशाबाहेर पाऊल टाकले नव्हते आणि विचारल्यावर मोबाईल स्वतःहून काढून दिला होता. माझ्या अहवालात मी या दोन्ही गोष्टी लिहिल्या होत्या, आणि त्याने आधी माझ्याशी खोटे बोलल्याचेही लिहिले होते.

उस्तादाचे खाते दुसऱ्याच दिवशी बंद झाले. तो कोण होता, एक होता की अनेक, हे मला आजही माहीत नाही. लष्कराला कळले असेल तर त्यांनी आम्हाला सांगितले नाही, आणि सांगण्याचे कारणही नव्हते.

शेठजींना मात्र याचा त्रास झाला. त्यांनी पोलिसांना सांगितले हे गावात फुटले. कसे फुटले कोण जाणे, आमच्या ठाण्यातून नाही याची मी खात्री करून घेतली. लोकांना पूर्ण प्रकरण माहीत नव्हते. आपल्या पोराच्या परदेशी मॅचवर शेठने पाणी फिरवले, एवढेच त्यांना माहीत. त्या खेड्यातल्या लोकांनी त्यांच्याशी बोलणे टाकले. शेठजी माझ्याकडे तक्रार घेऊन आले नाहीत. एकदा बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, तो वाचला ना? मग झालं." पण चेहरा उतरलेला होता.

पुढच्या रजेला तो आला, तेव्हा त्याने जे केले ते मला हवालदाराने सांगितले. सामन्यांआधी गावातली माणसे जमली असताना तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, मी जिथे जाणार होतो तिथून माणूस परत येत नाही, आणि आला तरी आपला राहत नाही. शेठजींनी मला घरी ठेवलं. यापेक्षा जास्त त्याने काही सांगितले नाही, सांगणे त्याला शक्यही नव्हते. मग तो बायको-मुलीला घेऊन शेठजींच्या घरी जेवायला गेला.

निवृत्तीनंतर मला कधीकधी भरतीपूर्व प्रशिक्षणाच्या मुलांसमोर बोलायला बोलावतात. धुळ्यात, जळगावात, वरणगावच्या बाजूलाही गेलो आहे. मोबाईलवर अनोळखी बाईशी बोलू नका, पैशाच्या लोभाला बळी पडू नका, हे त्यांना सगळे सांगतात. मी हेही सांगतो की तुमचे तोंड भरून कौतुक करणाऱ्या अनोळखी माणसापासूनही सावध राहा. विशेषतः तुमच्या ज्या गुणाकडे घरच्यांनी, गावाने, वरिष्ठांनी कधी लक्ष दिले नाही, त्याच गुणाचे कौतुक तो करीत असेल तर. आणि अधिकारी भेटले की त्यांना सांगतो, तुमच्या हाताखालच्या माणसाला कशाचा नाद आहे हे विचारून ठेवा. कुणी गाणारा असेल, कुणी पैलवान असेल. तुम्ही विचारले नाही तर दुसरे कुणीतरी विचारणार आहे. त्या प्रकरणाआधी मी माणसाचा लोभ शोधत होतो. माणसाची हौसही तितकीच ओढून नेते, हे मला त्या जवानाने शिकवले.

तो अजून नोकरीत आहे. फीत परत मिळाली आहे. मागे एका लग्नात भेटला, वाकून नमस्कार केला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर मी त्याला सहज विचारले, "पलीकडच्या सामन्यांचे व्हिडिओ अजून बघता का?"

"बघतो सर," तो म्हणाला. "खेळतात चांगलंच ते."

मी मान हलवली आणि आम्ही जेवायला गेलो. तो 'नाही' म्हणाला असता, तर पुन्हा काही लपवतोय असे समजून दुसऱ्या दिवशी मी ठाण्यातल्या जुन्या सहकाऱ्याला फोन केला असता.